शेल एलिमेंटचे निकाल पायथनमध्ये रंगवले की भिंतीवर बुद्धिबळाचा पट का उमटतो?

पातळ_पत्रा

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे एकाच चित्राशी झगडतेय, शेवटी धागा काढला. वरून उघडी, पाण्याची आयताकृती काँक्रीटची टाकी आहे. भिंती ३ मीटर उंच आणि २५० मिमी जाड, तळ ३०० मिमी. सगळं चार नोडच्या (कोपऱ्यांच्या) शेल एलिमेंटनी, म्हणजे पातळ पृष्ठाच्या चौकोनी तुकड्यांनी मॉडेल केलंय, एलिमेंट साधारण १०० मिमीचा. मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, जीमेशमधून काढली आणि सोडवायला ओपनसीजपाय या पायथन लायब्ररीतला शेल-एमआयटीसी४ हा एलिमेंट वापरला. विश्लेषणाबद्दल शंका नाही. रिअॅक्शनची (आधारांवरच्या बलांची) बेरीज पाण्याच्या आणि काँक्रीटच्या वजनाशी जुळते, डिफ्लेक्शनही पटण्यासारखं आहे. घोडं अडलंय ते निकाल दाखवताना.

प्रत्येक एलिमेंटमागे ३२ आकडे मिळतात. चार गॉस बिंदू (एलिमेंटच्या आतले, जिथे निकाल मोजला जातो), प्रत्येक बिंदूवर आठ राशी: तीन मेंब्रेन बलं (पत्र्याच्या प्रतलातली, एनएक्स, एनवाय, एनएक्सवाय), तीन मोमेंट (एमएक्स, एमवाय, एमएक्सवाय), दोन शिअर. चार बिंदूंची सरासरी काढून एमएक्स हा पायव्हिस्टा या चित्रं काढणाऱ्या लायब्ररीत सेल डेटा (एका एलिमेंटला एक आकडा) म्हणून रंगवला, तर लांब भिंतीच्या पायथ्याशी चक्क बुद्धिबळाचा पट. पहिल्या ओळीत एका चौकोनात ४२, शेजारी ९, मग ४१, मग ८, जवळजवळ एकाआड एक. एकक किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर.

मग पायव्हिस्टातलं सेल डेटाचं पॉइंट डेटात (नोडवरच्या आकड्यांत) रूपांतर करणारं फिल्टर चालवलं. पट गेला, चित्र एकदम गुळगुळीत झालं. पण आता भिंतीवरचा कमाल आकडा २५ च्या आसपास आहे, आणि हेच मॉडेल एका सहकाऱ्याने दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलं तर तिथे ४० च्या वर येतो. कुठलं चित्र खरं मानू? मेश आणखी बारीक करून पाहिली, पट तसाच, फक्त घरं लहान झाली.

जाळीदार

मेश बारीक करूनही पट जात नाही म्हणजे हा मेशच्या अचूकतेचा प्रश्न नाही. एलिमेंटच्या नोडचा क्रम तपासा. बहुतेक तिथेच मेख आहे.

अक्षांतर

तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. ८ भागिले ४२ करा. ०.२ च्या जवळ येतं की नाही? काँक्रीटचा पॉइसन रेशो (एका दिशेच्या ताणाचा आडव्या दिशेवर होणारा परिणाम) तुम्ही ०.२ धरला असणार. भिंत पायथ्याशी घट्ट धरलेली असते, तिथे काठाच्या दिशेने वक्रता शून्याजवळ असते, त्यामुळे आडव्या दिशेचा मोमेंट उभ्या दिशेच्या मोमेंटच्या पॉइसन रेशोपट येतो. म्हणजे तुमचे ९ आणि ८ हे चुकीचे आकडे नाहीतच. ते दुसऱ्या दिशेचे बरोबर आकडे आहेत, एकाच नावाखाली रंगवले गेले आहेत इतकंच.

असं होतं कारण एमएक्समधला एक्स हा मॉडेलचा एक्स नव्हे, त्या एलिमेंटचा स्वतःचा एक्स आहे. शेल-एमआयटीसी४ मध्ये लोकल एक्स अक्ष नोडच्या क्रमावरून ठरतो: चौथ्या-पहिल्या नोडमधल्या बाजूच्या मध्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या नोडमधल्या बाजूच्या मध्याकडे. जीमेश त्रिकोण जोडून चौकोन बनवतो तेव्हा पहिला नोड कुठला असावा याचं त्याला बंधन नसतं. एका एलिमेंटचा क्रम खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू झाला, शेजारच्याचा खालच्या उजव्यापासून, की दोघांचे लोकल अक्ष ९० अंशांनी फिरले. एकाचा एमएक्स उभा, दुसऱ्याचा आडवा.

आता गुळगुळीत चित्राकडे या. ४२ आणि ८ ची सरासरी २५. त्या फिल्टरला तो आकडा टेन्सरचा घटक आहे, म्हणजे अक्ष फिरले की बदलतो, हे माहीत नसतं, त्याला फक्त नोडभोवतीच्या सेलमधली संख्या दिसते. म्हणून तुमच्या दोन चित्रांपैकी पट असलेलं चित्र जास्त प्रामाणिक आहे. गुळगुळीत चित्राने चूक पुसली आणि निकालही पुसला.

कुठला आकडा खरा हे हाताने ठरवता येतं. लांब भिंतीचा मधला भाग जवळजवळ उभ्या कॅन्टिलिव्हरसारखा वागतो. पायथ्याशी मोमेंट म्हणजे पाण्याचं एकक वजन गुणिले उंचीचा घन भागिले ६: ९.८१ गुणिले २७ भागिले ६, म्हणजे ४४.१. पण तुमच्या पहिल्या ओळीतल्या एलिमेंटचा मध्य पायथ्यापासून ५० मिमी वर आहे, तिथे उंची २.९५ मीटर धरली की ४२.० येतो. तुमचा ४२ आणि हा ४२. विश्लेषण चोख आहे.

उपाय असा. रंगवण्याआधी, सरासरीच्याही आधी, प्रत्येक एलिमेंटचे आकडे एका सामाईक दिशेत फिरवून घ्या. एक संदर्भ दिशा ठरवा आणि ती एलिमेंटच्या प्रतलावर प्रक्षेपित करा: दिशेच्या व्हेक्टरमधून नॉर्मलच्या (प्रतलाला लंब असलेल्या) दिशेचा भाग वजा करून उरलेला व्हेक्टर एकक लांबीचा करा. हा नवा एक्स. नॉर्मल आणि नवा एक्स यांचा क्रॉस प्रॉडक्ट म्हणजे नवा वाय. मग एमएक्स, एमवाय, एमएक्सवाय यांचा दोन बाय दोनचा मॅट्रिक्स करून डावीकडून फिरवणीच्या मॅट्रिक्सने आणि उजवीकडून त्याच्या ट्रान्सपोजने गुणा. साइन-कोसाइनची सूत्रं पाठ करण्यापेक्षा हे बरं, चिन्ह चुकायला जागा राहत नाही. नमपायच्या आइनसमने सगळे एलिमेंट एका ओळीत फिरतात, लूप लागत नाही. तीन मेंब्रेन बलांनाही हीच फिरवणी लावा. दोन शिअर मात्र साध्या व्हेक्टरसारखे फिरतात, त्यांना एकदाच गुणायचं.

संदर्भ दिशा सगळीकडे एकच चालत नाही. तुमच्या टाकीत भिंतींसाठी उभी दिशा घ्या आणि तळासाठी लांबीची. भिंतींना लांबीची दिशा द्याल तर आखूड भिंतींचा नॉर्मल नेमका त्याच दिशेत असेल आणि प्रक्षेप शून्य लांबीचा येईल. अबॅकस हे सॉफ्टवेअर जागतिक एक्स (मॉडेलचा एक्स) प्रक्षेपित करतं आणि तो नॉर्मलपासून ०.१ अंशाच्या आत असेल तर झेड घेतं. बहुतेक वेळा ठीक, पण वक्र पृष्ठावर अक्ष मध्येच उडी मारतो आणि तिथे चित्रात एक रेघ उमटते, जी मॉडेलमध्ये कुठेच नसते. गोल टाकी किंवा कवच असेल तर परिघाची आणि अक्षाची दिशा स्वतःच मोजून द्यावी.

नवशिकी

वाचतेय. एक शंका: व्हॉन मिसेस (सगळे घटक मिळून काढलेला एकच तुल्य स्ट्रेस) रंगवला असता तर हा घोळच झाला नसता ना? तो अक्षांवर अवलंबून नसतो.

अक्षांतर

बरोबर, एलिमेंटच्या प्रतलात अक्ष कसेही फिरवा, व्हॉन मिसेस तोच राहतो. म्हणूनच पोलादी पत्र्याच्या कामात ही चूक वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेला येत नाही. पण काँक्रीटला व्हॉन मिसेसचा उपयोग नाही, तिथे कुठल्या दिशेची सळी किती लागणार हे हवं असतं. आणि व्हॉन मिसेसची स्वतःची एक अडचण आहे, ती जाडीशी निगडित आहे. तिच्यावर मधला_थर यांनी लिहावं, त्यांनी यात बरंच काम केलंय.

पातळ_पत्रा

अक्षांतर, मनापासून आभार. ८ आणि ४२ चं गुणोत्तर काढून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आज फिरवणी लिहिली. लांब भिंतींवरचा पट पूर्ण गेला, पायथ्याशी सलग ४१-४२ चा पट्टा. पण एका आखूड भिंतीवर तळहाताएवढे ठिपके उरलेत. त्यांचं मूल्य शेजाऱ्यांइतकंच आहे, चिन्ह उलटं. एमएक्सवायमध्ये मात्र त्याच जागी काहीच वेगळं दिसत नाही, म्हणून गोंधळलेय.

मधला_थर

ठिपके म्हणजे नॉर्मल उलटलेले एलिमेंट. एमएक्सवाय न बदलणं ही त्याचीच खूण आहे. नोड घड्याळाच्या दिशेने की उलट, यावर एलिमेंटचा नॉर्मल ठरतो. तो उलटला की वरचा चेहरा खाली आणि खालचा वर जातो, म्हणून एमएक्स आणि एमवाय यांचं चिन्ह बदलतं. पण तुम्ही संदर्भ एक्स कायम ठेवून वाय क्रॉस प्रॉडक्टने काढता, त्यामुळे वायही उलटतो. एमएक्सवायमध्ये दोन उलटे मिळून सुलटं होतं आणि ते जागच्या जागी राहतं. मेंब्रेनमध्ये नेमकं उलट घडतं: एनएक्स, एनवाय तसेच, एनएक्सवाय उलटा. तुमच्या ठिपक्यांवर एनएक्सवाय रंगवून बघा, तिथे चिन्ह बदललेलं सापडेल.

शोधायचं कसं? चौकोनाच्या दोन कर्णांचा क्रॉस प्रॉडक्ट नमपायने काढा. टाकी आहे, तेव्हा मध्यबिंदूपासून बाहेर जाणाऱ्या दिशेशी डॉट प्रॉडक्ट घ्या आणि जिथे ऋण येईल ते एलिमेंट लाल करा. पायव्हिस्टातलं नॉर्मल काढणारं तयार फंक्शन इथे वापरू नका, हे कळकळीने सांगतो. त्यात नॉर्मल सुसंगत करण्याचा पर्याय मुळातच चालू असतो, म्हणजे ते पॉलिगॉनचा क्रम स्वतःच सुधारून घेतं आणि तुम्हाला सगळं आलबेल दिसतं. सॉल्व्हरकडे मात्र जुनाच क्रम असतो. मी एकदा यात तीन दिवस घालवलेत. तेच वापरायचं असेल तर तो पर्याय बंद करून वापरा. चित्रात पटकन बघायचं असेल तर पायव्हिस्टात मागच्या बाजूला वेगळा रंग देण्याची सोय आहे. पुढची बाजू राखाडी, मागची केशरी ठेवली की उलटे एलिमेंट लगेच डोळ्यांत भरतात.

शक्य असेल तर दुरुस्ती मेशमध्ये करा, सोडवण्याआधी. निकालात चिन्ह बदलत बसलात तर पाण्याचा दाब त्या एलिमेंटवर कुठल्या बाजूने लावला होता हा प्रश्न तसाच राहतो. तुमच्या रिअॅक्शन जुळल्यात असं म्हणालात. पण समोरासमोरच्या भिंतींवरचे आडवे दाब एकमेकांना काटतात, म्हणून उभ्या बेरजेवर विसंबू नका, एका भिंतीवरचा आडवा दाब वेगळा मोजा.

आता व्हॉन मिसेस आणि जाडी. शेलचा निकाल एका बिंदूवरचा एक आकडा नसतो, जाडीभर पसरलेला असतो. चेहऱ्यावरचा स्ट्रेस म्हणजे मेंब्रेन बल भागिले जाडी, अधिक-उणे ६ गुणिले मोमेंट भागिले जाडीचा वर्ग. तुमच्याच भिंतीत घालून बघू. मोमेंट ४२, जाडी ०.२५, तर वाकण्याचा स्ट्रेस ४.०३ मेगापास्कल. भिंतीचं स्वतःचं वजन पायथ्याशी मीटरमागे साधारण १८.७५ किलोन्यूटन, त्याचा दाब जेमतेम ०.०८ मेगापास्कल. म्हणजे पाण्याकडच्या चेहऱ्यावर साधारण ३.९५ चा ताण, बाहेरच्या चेहऱ्यावर ४.११ चा दाब, आणि मध्यपृष्ठावर ०.०८.

कुणी मध्यपृष्ठाचं चित्र दाखवलं तर भिंत जवळजवळ निवांत उभी आहे असं वाटेल, आणि नेमकी तिथेच तडा जायची वेळ आलेली असेल. बरीच सॉफ्टवेअर निकाल निर्यात करताना एकच चेहरा देतात आणि कुठला ते फाइलमध्ये लिहीत नाहीत. अॅन्सिसचं पायडीपीएफ वापरणाऱ्यांनी शेल लेयर वर, खाली की मध्य हे स्वतः नमूद करावं. नॅस्ट्रनची फाइल पायनॅस्ट्रनने वाचलीत तर एका जागेसाठी दोन ओळी येतात, प्रत्येक चेहऱ्याची एक. दोन्हींची सरासरी घेतली की वाकण्याचा भाग पूर्ण गळतो. कॅल्क्युलिक्सचं तंत्र आणखी वेगळं, तो शेल आतल्या आत घन एलिमेंटमध्ये फुलवून सोडवतो.

नवशिकी

दोन्ही चेहरे एकाच चित्रात दाखवता येत नाहीत का?

मधला_थर

येतात, आणि मला ते चित्र सगळ्यात आवडतं. प्रत्येक नोडपासून नॉर्मलच्या दिशेने अर्धी जाडी वर आणि अर्धी खाली असे दोन नोड तयार करा. चौकोनी शेलचा आठ नोडचा षट्फलक होतो, पायव्हिस्टाच्या मुळाशी असलेल्या व्हीटीकेत त्याचा प्रकार १२. त्रिकोणाची पाचर होते, प्रकार १३. वरच्या नोडना वरच्या चेहऱ्याचा स्ट्रेस द्या, खालच्यांना खालचा. मग पायव्हिस्टातल्या क्लिपने टाकी मधोमध कापा. पायथ्याशी कापलेल्या काठावर एका टोकाला ताणाचा रंग, दुसऱ्या टोकाला दाबाचा, मध्ये फिका. शेल म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना समजावायला याहून चांगलं चित्र मला सापडलेलं नाही. भिंत आणि तळ मिळतात त्या काठावर नोडचा नॉर्मल सरासरीने काढू नका, नाहीतर जाडी तिरकी होऊन बारीक दिसते. तिथे दोन्ही बाजू वेगवेगळ्या फुलवा आणि कोपऱ्यात थोडं एकमेकांत शिरू द्या.

जाळीदार

आता सरासरीबद्दल, कारण पातळ_पत्रा पुढच्या पायरीवर तिथेच अडकणार.

सेल डेटा म्हणजे एका एलिमेंटला एक रंग. तपासणीसाठी तोच उत्तम, कारण त्यात काही लपत नाही. पण काठावरचं मूल्य हवं असेल तर गॉस बिंदूंपासून नोडपर्यंत एक्स्ट्रापोलेशन (आतल्या मूल्यांवरून बाहेरचा अंदाज) करावं लागतं. दोन बाय दोन गॉस बिंदूंसाठी गुणक ठरलेले आहेत: जवळच्या बिंदूला १.८६६, शेजारच्या दोन्हींना उणे ०.५, समोरच्याला ०.१३४. बेरीज १ आली पाहिजे, येते. हे चार बाय चारचं मॅट्रिक्स एकदा लिहा, सगळ्या एलिमेंटना एका फटक्यात लावा.

यात एकच गोष्ट घात करते, गॉस बिंदूंचा क्रम. काही सॉल्व्हर नोडसारखे गोल फिरतात, काही आधी खालची ओळ आणि मग वरची ओळ डावीकडून उजवीकडे देतात. तिसरा आणि चौथा बिंदू उलटे पडले तरी सरासरी तीच राहते, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. तपासायची युक्ती सांगतो. सॉल्व्हर गॉस बिंदूंचे कोऑर्डिनेट देत असेल तर निकालाच्या जागी एक्स कोऑर्डिनेट घाला आणि एक्स्ट्रापोलेट करा. नोडचे एक्स कोऑर्डिनेट तंतोतंत परत मिळाले पाहिजेत, चौकोन वेडावाकडा असला तरी. हे कोऑर्डिनेट सॉल्व्हरकडूनच घ्या, आपणच क्रम गृहीत धरून मोजले तर परीक्षा आपलीच आपण पास करतो. सॉल्व्हर देत नसेल तर टोकाशी भार असलेली कॅन्टिलिव्हर पट्टी सोडवा. मोमेंट सरळ रेषेत कमी होत गेला पाहिजे; करवतीचे दात दिसले तर क्रम चुकला.

यानंतर प्रत्येक एलिमेंटकडे चार कोपऱ्यांची स्वतःची मूल्यं असतात, आणि एका नोडवर चार शेजारी चार वेगळे आकडे सांगतात. पायव्हिस्टात हे जसंच्या तसं दाखवायचं असेल तर नोड सामाईक ठेवू नका. नोडच्या यादीला एलिमेंटच्या जोडणीने इंडेक्स करा, म्हणजे प्रत्येक एलिमेंटला स्वतःचे चार बिंदू मिळतील, आणि सेलची यादी साधी ०, १, २, ३ अशी सलग जाईल. या चित्रात शेजाऱ्यांमधल्या उड्या दिसतात. उडी मोठी म्हणजे तिथे मेश अपुरी. झिएनकिएविझ आणि झू यांनी १९८७ मध्ये मांडलेला त्रुटीचा अंदाज याच कल्पनेवर उभा आहे: सलग केलेला स्ट्रेस आणि मूळचा तुटक स्ट्रेस यांच्यातला फरक.

सरासरी घ्यायची तर कोणाकोणात? इथे बहुतेक स्क्रिप्ट चुकतात. भिंत आणि तळ यांच्या सामाईक नोडवर भिंतीचा एनवाय आणि तळाचा एनवाय यांचा एकमेकांशी संबंधच नाही. जाडी बदलते तिथेही तेच: मोमेंट सलग असला तरी स्ट्रेस उडी मारतो, आणि ती उडी खरी असते, ती पुसायची नाही. म्हणून एलिमेंटचे गट पाडा. जाडी तीच, मटेरियल तेच, एका काठावर दोनच एलिमेंट, आणि त्यांच्या नॉर्मलमधला कोन मर्यादेत. तीन एलिमेंट एका काठाला मिळाले तर तिथे गट तोडा. मग नोड आणि गट या जोडीवर सरासरी घ्या. नमपायचं युनिक आणि बिनकाउंट एवढंच लागतं, काही लाख एलिमेंटही सेकंदांत होतात.

कोनाची मर्यादा वक्र पृष्ठावर जपून ठेवा. शेल तपासणीतलं प्रसिद्ध स्कॉर्डेलिस-लो छत घ्या: ८० अंशांची कमान. तिच्यावर ८ एलिमेंट टाकले की शेजाऱ्यांमध्ये १० अंशांचा फरक पडतो. मर्यादा ५ ठेवली तर अख्खं छत पट्ट्यापट्ट्यांत तुटतं. मी २० ठेवतो.

मधला_थर

एक पुरवणी. आधी घटकांची सरासरी आणि मग व्हॉन मिसेस, की आधी व्हॉन मिसेस आणि मग सरासरी? उत्तरं वेगळी येतात. एका बाजूला अधिक ४, दुसऱ्या बाजूला उणे ४ असेल तर पहिल्या रीतीने शून्य येतो, दुसऱ्या रीतीने ४. मी घटकांची सरासरी आधी घेतो, पण न सरासरी केलेलं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय अहवाल देत नाही. दुसऱ्या सॉफ्टवेअरशी तुलना करताना त्याची रीत कुठली हे त्याच्या सेटिंगमध्ये बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

सळीबंद

डिझाइनच्या बाजूने थोडं. पातळ_पत्रा, तुम्हाला शेवटी सळी काढायची आहे, तेव्हा एमएक्स आणि एमवायचं चित्र पुरेसं नाही, एमएक्सवाय मिसळावा लागतो. वुड-आर्मर पद्धतीने (एमएक्सवायचा वाटा दोन दिशांच्या सळ्यांत धरण्याची रीत) खालच्या चेहऱ्याच्या सळीसाठी एमएक्स अधिक एमएक्सवायचं निरपेक्ष मूल्य, दुसऱ्या दिशेला एमवाय अधिक तेच. एखादा ऋण आला तर त्याचे वेगळे नियम आहेत, ते पाळा. आणि हे प्रत्येक भारसंयोगासाठी वेगळं काढून मग कमाल घ्यायची. आधी एमएक्स, एमवाय, एमएक्सवाय यांची वेगवेगळी कमाल काढून ती एकत्र केली तर कधीच एकत्र न घडणारे तीन आकडे एका सूत्रात जातात. पायथनमध्ये हे विशेष सोपं आहे, सगळे संयोग एका अॅरेत, सूत्र आधी, मॅक्स शेवटी.

दुसरं, नावांचा घोळ. आपण बीममध्ये एक्सभोवतीच्या मोमेंटला एमएक्स म्हणतो. शेलमध्ये एमएक्स म्हणजे एक्स दिशेचा स्ट्रेस निर्माण करणारा, म्हणजे एक्स दिशेच्या सळीचा. काही सॉफ्टवेअरमध्ये उलटही असतं. रंगपट्टीवर मी सरळ “उभ्या सळीचा मोमेंट, पाण्याकडची बाजू, किलोन्यूटन-मीटर प्रति मीटर” असं लिहितो. साइटवर चित्र बघणाऱ्याला एमएक्सवरून काही कळत नाही.

नवशिकी

मॅटप्लॉटलिबमध्ये हे सगळं होणार नाही का? मला तेच येतं.

जाळीदार

एकच सपाट स्लॅब असेल तर उत्तम होतं, पॉलिकलेक्शन वापरा. त्रिमितीत मात्र ते पॉलिगॉन अंतरानुसार मागेपुढे लावतं, प्रत्येक पिक्सेलची खोली बघत नाही, त्यामुळे टाकीची मागची भिंत पुढे डोकावते. तिथे पायव्हिस्टाच घ्या.

अक्षांतर

रंगांबद्दल दोन शब्द, मग तपासणी.

मोमेंटला शून्याचा अर्थ आहे, म्हणून शून्यावर फिका आणि दोन्ही टोकांना वेगळे रंग असलेली पट्टी घ्या, आणि सीमा शून्याभोवती सारख्या ठेवा, उणे ४५ ते अधिक ४५. व्हॉन मिसेसला विरिडिस पुरतो. इंद्रधनुष्यी जेट टाळा, पिवळ्या पट्ट्यावर डोळा अडकतो आणि नसलेली सीमा दिसते. मॅटप्लॉटलिबनेही २.० आवृत्तीत जेट काढून विरिडिस मूळ पट्टी केली. पायव्हिस्टात प्रकाश बंद करा, नाहीतर सावलीतल्या भिंतीचा रंग पट्टीवरच्या कुठल्याच रंगाशी जुळत नाही. बिंदू आधारावर मोमेंट मेश बारीक करावी तसा वाढत जातो आणि सगळी पट्टी खाऊन टाकतो; तिथे वरची सीमा हाताने ठरवा आणि सीमेपलीकडच्या मूल्यांना वेगळा ठळक रंग द्या, म्हणजे कापलेलं आहे हे दिसतं. दोन चेहरे शेजारी ठेवताना दोन्हींना एकच सीमा, आणि दोन्ही दृश्यं जोडून ठेवा म्हणजे एक फिरवलं की दुसरं फिरतं.

प्रमुख मोमेंटच्या दिशा दाखवताना बाण नको, नुसत्या रेघा हव्यात, कारण त्या दिशेला पुढे-मागे नसतं. कोन काढताना दोन आर्ग्युमेंटचा आर्कटॅन वापरा, आणि कोनांची सरासरी कधीही घेऊ नका. आधी घटकांची सरासरी, मग कोन.

आता तपासणी. स्क्रिप्ट टाकीवर चालवण्याआधी एका चौकोनी प्लेटवर चालवा. चारही बाजूंना साधा आधार, ४ मीटर बाजू, १० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार, पॉइसन रेशो ०.३. पातळ प्लेटच्या सिद्धांताने मध्यावर दोन्ही दिशांचा मोमेंट ०.०४७९ गुणिले भार गुणिले बाजूचा वर्ग, म्हणजे ७.६६. कोपऱ्यात एमएक्सवाय ०.०३२५ च्या गुणकाने ५.२. मध्यावर एमएक्सवाय शून्य. प्लेट पातळ ठेवा आणि आधाराच्या काठावर काठाला लंब अक्षाभोवतीचं फिरणंही रोखा, नाहीतर एमआयटीसीसारख्या शिअर धरणाऱ्या एलिमेंटमध्ये कोपऱ्याचा आकडा वेगळा पडतो.

मग दोन खोड्या काढा. पहिली, एलिमेंटच्या यादीतल्या अर्ध्या एलिमेंटचे नोड यादृच्छिक फिरवा, १-२-३-४ चं २-३-४-१ करा. चित्र केसभरही बदलता कामा नये. दुसरी, अख्खी प्लेट ३० अंशांनी फिरवा आणि संदर्भ दिशाही तितकीच फिरवा. तेच चित्र फिरलेलं दिसलं पाहिजे. या दोन्ही कसोट्या मी प्रत्येक नव्या स्क्रिप्टच्या टेस्टमध्ये ठेवतो. बुद्धिबळाचा पट पहिल्याच कसोटीत पकडला जातो.

पातळ_पत्रा

चार दिवसांनी परत आले, केलेलं सगळं सांगते.

आधी प्लेट. मध्यावर ७.६५ आला, कोपऱ्यात ५ च्या वर. नोड फिरवण्याची कसोटी पहिल्यांदा नापास झाली. मोमेंट ठीक होते, शिअरमध्ये पट होता. शिअरलाही मी मॅट्रिक्सची दुहेरी फिरवणी लावायचा प्रयत्न केला होता. एकदाच गुणलं, सुटलं.

टाकीत आखूड भिंतीवर ३७ एलिमेंट उलटे निघाले. एनएक्सवाय रंगवल्यावर नेमके तेच ठिपके दिसले, मधला_थर म्हणाले तसं. आणि त्यांची शंका खरी ठरली: त्या ३७ वर पाण्याचा दाब उलट, टाकीच्या आत ढकलणाऱ्या दिशेने लागला होता. उभ्या बेरजेत ते कळायची शक्यताच नव्हती. मेश दुरुस्त करून पुन्हा सोडवलं.

आता गटवार सरासरीने पायथ्याच्या काठावर लांब भिंतीत ४३.८ येतो, हाताने काढलेला ४४.१. सहकाऱ्याचा आकडा ४०.६ होता; विचारलं तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंत आणि तळ मिळून सरासरी चालू होती. बंद केल्यावर त्याचाही ४३ च्या वर गेला.

एक शेवटची शंका. कापलेलं चित्र फुलवून केलं, पण चौकोनाच्या आत रंगात कर्णरेषा दिसतात. डेटा ठीक आहे.

जाळीदार

ग्राफिक्स कार्ड चौकोनाचे दोन त्रिकोण करतं, त्या कर्णावर रंगाचा उतार मोडतो. फक्त चित्रातला दोष आहे. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर चार कोपऱ्यांच्या सरासरीचा एक बिंदू घालून चार त्रिकोण करा, रेषा जातील. आणि रंग देण्याआधी नोडांमधली मूल्यं इंटरपोलेट करण्याचा पायव्हिस्टातला पर्याय चालूच राहू द्या. तो बंद केला तर पट्टीत नसलेले रंग उमटतात.

सळीबंद

४३.८ हा मध्यरेषेवरचा आकडा आहे. तळ ३०० मिमी जाड, म्हणजे तळाचा वरचा चेहरा १५० मिमी वर येतो. भिंतीची सळी तिथल्या मोमेंटवर काढा, मेशमध्ये तिथे नोड नसेल तर वरखालच्या नोडमधलं मूल्य घ्या. आणि पाण्याची उंची मॉडेलमध्ये मध्यरेषेपासून धरलीत की चेहऱ्यापासून, तेही एकदा बघून घ्या.

पातळ_पत्रा

मध्यरेषेपासून धरली होती. बदलते.